भूकंपाचा इशारा आणि रात्री बंद केलेले नेट

संपादक महोदय,

मोबाइल भूकंपाची वर्दी भूकंप होण्याआधी देतो, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. तसे काही नाही. खडक सरकला की आधी प्राथमिक लहरी निघतात. त्या सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावतात आणि फारसे नुकसान करत नाहीत. घरे पाडणाऱ्या दुय्यम लहरी मागून, साडेतीन किलोमीटरच्या वेगाने येतात. चार्जिंगला लावून निश्चल ठेवलेले अँड्रॉइड फोन पहिला हादरा टिपून गूगलच्या सर्व्हरला कळवतात. एकाच भागातले पुष्कळ फोन एकदम हलले, की आजूबाजूच्या फोनना इशारा सुटतो. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली.

आता आपल्याकडचा हिशेब. किल्लारीसारखा उथळ भूकंप, केंद्र १० किलोमीटर खोल धरू. केंद्राच्या १५ किलोमीटर परिसरातल्या गावांना दुय्यम लहर पाचेक सेकंदांत गाठते. भूकंप ओळखून इशारा सुटायलाच तेवढा, किंबहुना जास्त वेळ जातो. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला किल्लारी-सास्तूरच्या घराघरांत आजचे फोन असते, तरी ते भिंती पडू लागल्यावरच वाजले असते. लातूर शहराला चार-पाच सेकंद मिळाले असते, सोलापूरला पंधराएक. कोयनेला १९६७ सारखा भूकंप झाला तर साताऱ्याला जेमतेम पाच सेकंद आणि पुण्याला पंचवीसच्या वर. जिथे वेळ मिळतो तिथे हादरा सौम्य, आणि जिथे घरे पडतात तिथे वेळ नाही, हे या तंत्राचे मूळ दुखणे आहे.

तरी चार सेकंदही सोडू नयेत. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ उघडून ‘अर्थक्वेक अलर्ट्स’ चालू आहे का, ते बघावे. काही फोनमध्ये ते ‘लोकेशन’च्या आत असते. तिथेच डेमो आहे. तो आवाज घरातल्या सगळ्यांना एकदा ऐकवावा. लोकेशन चालू हवे आणि इंटरनेट हवे. घोडे अडते ते इथेच. गावाकडे बरेच लोक पॅक वाचवायला रात्री नेट बंद करून झोपतात, आणि वीज गेली की वायफायचा राउटरही बंद. कोयना पहाटे, किल्लारी पहाटे. नेमक्या त्या वेळी फोन मुका.

दुसरी मेख इशाऱ्याच्या प्रकारात आहे. ४.५ किंवा त्याहून मोठ्या भूकंपालाच इशारा येतो, त्यामुळे डहाणू-तलासरीतल्या बहुतेक धक्क्यांना फोन वाजला नाही म्हणून तो बिघडला असे समजू नये. हादरा सौम्य अपेक्षित असेल तर ‘बी अवेअर’ येतो. फोन सायलेंट असेल तर तो गप्पच राहतो. जोराचा हादरा अपेक्षित असेल तर येणारा ‘टेक अॅक्शन’ मात्र ‘डू नॉट डिस्टर्ब’ तोडून कर्कश वाजतो. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे ७.८ चा भूकंप झाला तेव्हा प्रणालीने तो जेमतेम ४.५ ते ४.९ चा धरला. मोठ्या आवाजाचा इशारा पहिल्या धक्क्याला गेला फक्त ४६९ जणांना! गूगलच्याच संशोधकांनी हे नंतर मांडले आणि गणित सुधारल्याचे सांगितले. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये भूकंप नसताना इशारा गेला. तेव्हा सगळी भिस्त त्यावर नको.

इशारा आल्यावर काय करायचे, हे घरावर अवलंबून आहे. काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये जिना आणि लिफ्टकडे धावू नये. मजबूत टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय धरून ठेवावा, काचेपासून लांब. पण दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद असेल तर टेबल काय वाचवणार? किल्लारीत माणसे गाडली गेली ती त्याच माळवदाखाली. दार चार पावलांवर असेल तर तिथून थेट उघड्यावर जावे. दारासमोर खाट, धान्याची पोती लावू नयेत, आणि कडीही अंधारात एका हाताने निघेल अशी असावी.

शासनाकडे एक मागणी आहे. २०२३ मध्ये पुष्कळांचे फोन एकदम किंचाळले होते, ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी. त्याला नेट लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या चालू फोनवर संदेश जातो. कोयना-वारणा परिसरात भूकंपमापकांचे जाळे आहेच. उत्तराखंडने आयआयटी रुरकीच्या मदतीने २०२१ मध्ये स्वतःचे इशारा अॅप काढले. आपण कोयनेचे मापक थेट सेल ब्रॉडकास्टला जोडावेत, आणि संदेश आपोआप सुटावा. मध्ये कुठल्या साहेबाच्या मंजुरीची पायरी ठेवली, तर कराड-पाटणला तो संदेश हादरे थांबल्यावर मिळेल.

– भूकंपशास्त्राचा एक अभ्यासक, लातूर