आई, बाबा, यंदा मी पळणार नाही

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा 'जेवलात का' विचारून ठेवून दिला. म्हणून लिहिते. यंदाचा सीझन मी सोडलाय. नाव मागे घेतलं, तसं कळवूनही झालं. बाबा, आता कुणाला फोन करून रदबदली करू नका.

आधी घाबरू नका. डाव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आहे, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही. बालेवाडीच्या खोलीवर गीझर आहे, डब्याच्या काकू दोन्ही वेळचं गरम आणून देतात, रूममेट मला जिन्यात पिशवीसुद्धा उचलू देत नाही.

हाड का चिरलं ते लिहायला जड जातंय. अकरा महिने माझी पाळी आली नव्हती. आई, तू विचारायचीस, 'वेळेवर आहे ना गं?' आणि मी हो म्हणायचे. शिबिरात रोज सकाळी वजन व्हायचं, आकडे सगळ्यांसमोर फळ्यावर. अर्धा किलो वाढलं की त्या दिवशी मी भाकरीला हात लावत नसे. डॉक्टरांनी समजावलं: पळण्यात जातं तेवढं पोटात पडलं नाही की शरीर काटकसर करायला लागतं. पाळी थांबते, इस्ट्रोजेन कमी पडतं, हाडं विरळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या दुखण्याला रेड-एस असं नाव दिलं, म्हणजे माझ्या एकटीचं नाही हे. पण आम्ही पोरी पाळी थांबली की 'बरं झालं, कटकट गेली' म्हणायचो. मीही म्हटलं.

डॉक्टरांनी सायकॉलॉजिस्टकडेही पाठवलं. आई, डोळ्यांत पाणी आणू नकोस, मला वेड लागलेलं नाही. त्यांनी विचारलं, शेवटचं कधी रडलीस? मला आठवेना. मग आठवलं ते चौथीतलं. यात्रेतल्या शर्यतीत पडले, गुडघ्यात खडा रुतला. बाबा, तुम्ही खडा काढलात, उपरण्याच्या टोकाने रक्त पुसलंत आणि म्हणालात, 'पळणारी पोर रडत नसते.' केवढी ताठ झाले होते मी! तुमचा हात थरथरत होता, ते मात्र परवा तिथे बसल्यावर आठवलं. दोष देत नाही, बाबा, तुमची शपथ. तुम्ही एकदाच म्हणालात, मी ते भुकेला लावलं, दुखण्याला लावलं. नडगी सात आठवडे ठणकत होती. सर विचारायचे, मी म्हणायचे, 'ठीक आहे.' रात्री पाय उशीवर ठेवून दात आवळून पडायचे, शेजारच्या कॉटवर कळू नये म्हणून.

गावाचं ठाऊक आहे मला. आपल्या माणची ललिता बाबर २०१६ च्या १५ ऑगस्टला रिओ ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची, स्टीपलचेसची फायनल पळाली, त्या संध्याकाळी तुम्ही अंगणात टीव्ही मांडलात. ती दहावी आली तरी पेढे वाटलेत. तेव्हापासून सगळे माझ्याकडे बघतायत. कुणी टोमणा मारलाच तर सांगा, टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक फायनल अर्ध्यावर सोडून बाजूला झाली होती, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली. मीही पळणार आहे. हाड भरू दे, पाळी सुरू होऊ दे. तारीख मात्र विचारू नका.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी रोजच्या रोज, संपलेल्या पाकिटाचा फोटो पाठवायचा. आई, मोटार बसवून दिली आहे ती शोभेला नाही, गुडघा धरून विहिरीवर जायचं नाही. आणि दुखत असताना 'काही नाही गं' म्हणायचं नाही. तुझंच उचललंय ते मी.

डिंकाचे लाडू स्वारगेटच्या एसटीत कंडक्टरकडे दे, तुपाला हात आखडू नकोस. लहानपणी वेण्या घालताना एक माझ्या तोंडात कोंबायचीस, तसे मोठेच वळ. पहिला खाल्ला की फोन करीन. बोलता बोलता मला रडू आलं तर फोन ठेवू नका.

तुमची,
ठकी