पांढऱ्या आयलायनरची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत पांढऱ्या आयलायनरविषयी आलेले टिपण वाचले. खालच्या पापणीच्या आतल्या कडेला, म्हणजे जिथे आपण पिढ्यान्‌पिढ्या काजळ घालत आलो त्याच जागी, पांढरी पेन्सिल फिरवली की डोळे मोठे आणि ताजेतवाने दिसतात, एवढेच त्यात सांगितले आहे. ते खोटे नाही. परंतु बावीस वर्षे नाटकांच्या रंगपटात चेहरे रंगवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, रोजच्या वापरात ही पेन्सिल सर्वांत कमी शोभते ती नेमकी याच जागी, आणि तिचे खरे उपयोग मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

रंगमंचावर पांढऱ्या रेषेचे सारे काम अंतराशी बांधलेले असते. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसलेल्या प्रेक्षकाला नटीची पापणी दिसत नाही, त्याला दिसतात ते केवळ दोन काळे-पांढरे ठिपके. त्यामुळे आम्ही खालची काळी रेषा पापणीच्या केसांपासून थोडी खाली ओढतो आणि मधली फट पांढऱ्या रंगाने भरतो. दुरून ती फट डोळ्यातल्या पांढऱ्या भागाचाच विस्तार वाटते आणि डोळा मोठा भासतो. सारख्याच आकाराच्या काळ्या व पांढऱ्या आकृतींपैकी पांढरी मोठी दिसते, या दृष्टिभ्रमाचीही त्यात मदत होते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच त्याची चिकित्सा केली होती. १९६०च्या दशकात लंडनमध्ये ट्विगी या मॉडेलच्या चेहऱ्यावर जी फिकट पापणी, तिच्या खोबणीतली गडद रेषा आणि खाली रंगवलेले पापण्यांचे केस गाजले, तेही छायाचित्रातून दिसण्यासाठीच होते.

लोकलच्या डब्यात किंवा कचेरीत समोरची व्यक्ती आपल्यापासून दोन हातांवर असते आणि डोक्यावर ट्यूबलाइट असते. तिथे पांढरी रेषा म्हणजे रेषाच दिसते. डोळ्यातला पांढरा भाग खरे तर कागदासारखा शुभ्र कधीच नसतो. त्यात किंचित पिवळसर झाक आणि बारीक लाल शिरा असतात. त्याच्या शेजारी ठार पांढरा रंग आणून ठेवला, तर डोळा उजळण्याऐवजी उलट मळकट वाटू लागतो. शिवाय या पेन्सिलींत सामान्यतः वापरले जाणारे पांढरे रंगद्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचा अपवर्तनांक हिऱ्यापेक्षाही जास्त असल्याने ते प्रकाश जवळजवळ सगळाच परत फेकते आणि खालचे काहीही झाकून टाकते. याच गुणामुळे गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर ते खडू फासल्यासारखे राखाडी दिसते. ज्यांना आतल्या कडेलाच उजेड हवा असेल, त्यांनी दुधावरच्या सायीच्या किंवा हस्तिदंती रंगाची पेन्सिल घ्यावी. दुकानात ती न्यूड या नावाने मिळते. तिने डोळा जागा दिसतो, पण रेषा ओढल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे कारण डोळ्याच्या प्रकृतीचे आहे. पापणीच्या आतल्या कडेवर तेल पाझरणाऱ्या ग्रंथींची तोंडे असतात आणि त्या तेलामुळेच अश्रूंचा थर लवकर सुकत नाही. तिथे रोज मेणकट पेन्सिल घासली, की ही तोंडे बुजण्याचा धोका असतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातून २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की, केसांच्या बाहेर लावलेल्या आयलायनरपेक्षा आतल्या कडेला लावलेल्या आयलायनरचे कण अश्रूंच्या थरात अधिक प्रमाणात आणि अधिक लवकर उतरतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलींना तर मी ही जागा सोडूनच द्यायला सांगते. आता कोणी म्हणेल की, मग काजळाचे काय? काजळालाही हाच न्याय लागू आहे, फक्त त्याच्याविरुद्ध पत्र लिहिण्याचे धैर्य माझ्यात नाही.

या पेन्सिलीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग डोळ्यांत दिसतच नाही, कारण तो रंगाच्या खाली असतो. मोरपिशी, जांभळी किंवा राणी रंगाची आयशॅडो डबीत भडक दिसते आणि पापणीवर लावली की मरगळते, ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आहे. दोष नेहमी डबीचा नसतो. पुष्कळसे रंग अर्धपारदर्शक असतात आणि आपल्या पापणीचा मुळातला तपकिरी रंग त्यांच्यातून वर येतो. भिंतीला रंग देण्याआधी रंगारी जसा पांढरा हात मारून घेतात, तसा तो इथेही मारावा. पापणीच्या फक्त मधल्या भागावर पेन्सिलीच्या दोनतीन पुसट रेघा ओढाव्यात, अनामिकेने हलकेच थोपटून त्यांचा पातळ थर करावा आणि त्यावर आयशॅडो घासू नये, दाबून बसवावी. थर जाड झाला, तर मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत दुपारपर्यंत तो पापणीच्या घडीत गोळा होतो आणि मग एक पांढरी सुरकुती दिवसभर मिरवावी लागते. ते टाळण्यासाठी शेवटी पावडरचा एक हलका हात फिरवणे आवश्यक आहे. एवढी काळजी घेतली, तर पैठणीच्या काठाशी जुळणारा रंग स्वस्तातल्या डबीतूनही मिळतो.

दुसरा उपयोग शिंप्याच्या खडूसारखा आहे. डोळ्याच्या बाहेरच्या टोकाला काळ्या आयलायनरची शेपटी काढताना दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत, मग पुसापुशी होते आणि पापणी लाल होते. त्याऐवजी आधी टोकदार पांढऱ्या पेन्सिलीने दोन्ही डोळ्यांवर खूण करावी, आरशापासून मागे सरून ती पाहावी, चुकली असेल तर ओल्या कापसाच्या काडीने दुरुस्त करावी, आणि मगच द्रव काळे आयलायनर तिच्यावरून न्यावे. काळ्याच्या वर केसाएवढी पांढरी कड राहू दिली तरी चालते, किंबहुना वरची पापणी कातडीच्या घडीखाली झाकलेली असणाऱ्यांना ती शोभते. मात्र ती डोळ्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागापुरतीच असावी.

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक ठिपका देऊन तो विरवला, तर रात्रपाळीचा थकवा बराचसा लपतो. तो कातडीवर द्यावा, गुलाबी मांसल भागावर नव्हे. वरच्या ओठाच्या मधल्या कमानीवर पांढरी रेघ देऊन ती बोटाने पुसट केली, तर लिपस्टिकची कड नीट उठून दिसते. भुवईखाली पांढरा पट्टा ओढण्याची जी पद्धत सगळीकडे दिसते, ती मला स्वतःला आवडत नाही. नीट विरवला नाही तर तो भस्म लावल्यासारखा दिसतो.

एक उपयोग मात्र निखळ आपला आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आणि गणपतीच्या ढोल-ताशा पथकांत अनेक मुली आता हाताने चंद्रकोर काढतात. गव्हाळ कपाळावर मरून रंगाची कोर लांबून ओळखू येत नाही, पण तिच्या बाहेरच्या कडेला पांढऱ्या आयलायनरची एक बारीक रेघ दिली की ती कोरून काढल्यासारखी उठते. यासाठी पेन्सिल न वापरता घामाला दाद न देणारे द्रव आयलायनर घ्यावे. बंगाली नववधूच्या कपाळावर चंदनाच्या ठिपक्यांची जी नक्षी असते, तिचीच ही चुलत बहीण म्हणता येईल. पांढरे कपाळ हा विधवेच्या कुंकवाविना कपाळासाठीचा शब्द आठवून एखादी आजी नाक मुरडते, हेही मी पाहिले आहे. पण तो शब्द ज्या चालीतून आला ती चाल आपण टाकली, मग एका रेघेवर राग का काढावा?

पेन्सिल उन्हाळ्यात मऊ पडून टोक काढताना मोडते, तेव्हा ती आधी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. ओठांवर किंवा नखांखाली वापरलेली पेन्सिल पुन्हा डोळ्याला लावू नये आणि मैत्रिणीलाही देऊ नये. वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख नसेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

शेवटी एक विनंती. टिपणासोबतचे छायाचित्र एका अतिशय गोऱ्या परदेशी मॉडेलचे होते आणि त्यावर रेषा सुरेख दिसत होती, यात नवल नाही. पुढच्या वेळी हा विषय घ्याल, तेव्हा एक गव्हाळ आणि एक सावळा चेहरा घ्यावा, फ्लॅश न वापरता खिडकीच्या उजेडात, दोन हातांवरून छायाचित्र काढावे आणि आतल्या कडेला शुभ्र व सायीची अशा दोन्ही रेषा एकेका डोळ्यात शेजारी शेजारी दाखवाव्यात. दोन्ही पेन्सिली मी घेऊन येईन.

आपली,
एक रंगभूषाकार, ठाणे