जुना सॅक्सोफोन मोडीत घालू नका

मा. संपादक,

डीजे आल्यापासून आपल्या नाशकात एकेक बॅण्ड बंद पडतोय आणि त्यांची वाद्यं मोडीत निघतायत. ढोल-ताशाला गिऱ्हाईक मिळतं, पण सॅक्सोफोन पितळेच्या भावाने किलोवर जातो, अल्टो म्हणजे मधल्या आकाराचा असेल तर अडीच किलोच्या आसपास भरतो, संपला विषय. हे बघून खरंच जीव तुटतो म्हणून हे पत्र.

वाजत नाही म्हणजे वाद्य मेलं असं नसतं हो. सॅक्सोफोनचं अंग पितळेचं, पण भोकं झाकायला चामड्याचे पॅड असतात, अल्टोला पंचवीसच्या आसपास. ते वर्षानुवर्षं पडून कडक होतात, आपल्या पावसात बारीक स्प्रिंगा गंजतात, चाव्यांखालचं बूच झडतं, बहुतेक वेळा बिघाड एवढाच असतो. वरच्या एका पॅडमधून हवा सुटली तरी खालचे सगळे सूर घोगरे येतात, म्हणून लोकांना वाटतं सगळंच गेलं. अंधाऱ्या खोलीत वायरला लावलेला छोटा एलईडी नळीत सोडा आणि एकेक चावी अगदी हलकेच दाबा, पॅडच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दिसली की गळती तिथे. मग चावीच्या वाटीला मागून जरा आच द्यायची, पॅड चिकटवणारी आतली लाख मऊ झाली की पॅड सरळ बसवायचा, परत दिवा लावून बघायचं. वेळखाऊ काम आहे पण खालचा सूर पहिल्यांदा भरून निघतो ना तेव्हा फार आनंद होतो.

आणि हात जोडून सांगतो, चकाकीसाठी बफिंग करू नका! पत्रा पातळ होतो, नक्षी आणि नंबर पुसट होतात. कॉन, ब्यूशर या अमेरिकन कंपन्यांचा जुना सॅक्सोफोन किंवा सेल्मर कंपनीचं १९५४ पासून निघालेलं मार्क सिक्स मॉडेल असेल तर डागाळलेलं मूळ लॅकरच, म्हणजे वरचा चकाकीचा थरच, जास्त मोलाचं. विकत घेणाऱ्यांनी मात्र नंबरजवळ इंग्रजीत एचपी (हाय पिच, म्हणजे चढी पट्टी) असा शिक्का आहे का ते आधी बघावं, तसा असला तर त्याचा ए हा सूर ४४० हर्ट्झऐवजी ४५७ च्या आसपास लागतो आणि आजच्या कीबोर्डबरोबर तो जमतच नाही, नवे पॅड घालूनही.

मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन हिंदी सिनेमात आपण ऐकत आलोय, कद्री गोपालनाथ यांनी तर त्यावर अख्खं कर्नाटक संगीत वाजवलं. मग आपल्याकडे तो फक्त वरातीपुरता का राहावा? जुन्या नाशकात पोचे काढण्यात हात बसलेले तांबट आहेत, बॅण्डमधे चाव्या जुळवणारे म्हातारे मास्तर आहेत, या दोघांना एकत्र आणून आयटीआयमध्ये वाद्यदुरुस्तीचा छोटा कोर्स सुरू करता येईल, मनपाने आणि संगीत शाळांनी याचा विचार करावा. तोवर ज्यांच्या माळ्यावर एखादा पडलाय त्यांनी भाव करायच्या आधी निदान एखाद्या वाजवणाऱ्याला तरी दाखवावा.

– एक सॅक्सोफोनवादक, पंचवटी, नाशिक