ड्रोनआधी रिमोट निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीत मुलांना ड्रोन घेऊन देण्याची टूम आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, उड्डाणाची मिनिटे आणि घडी होणारे हात यांची जाहिरात ठळक अक्षरांत असते. त्याच खोक्याच्या कोपऱ्यात कोंबलेल्या रिमोटबद्दल मात्र ना विकणारा बोलतो, ना घेणारा विचारतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. निवृत्तीनंतर वसाहतीतील मुले बिघडलेले ड्रोन घेऊन माझ्याकडे येतात. ते उघडून पाहता पाहता माझे मत पक्के झाले आहे की, ज्याला ड्रोन उडवायला खरोखर शिकायचे आहे त्याने पहिला आणि मोठा खर्च रिमोटवर करावा, आणि ड्रोन त्यानंतर, तोही लहान व स्वस्त, घ्यावा.

याचे कारण साधे आहे. शिकाऊ माणसाचा ड्रोन आपटणारच. पाती तुटतात, मोटारीचा दांडा वाकतो, बॅटरी फुगते, आणि वर्षभरात त्या ड्रोनमधले मूळचे असे फारसे काही उरत नाही. चांगला रिमोट मात्र हातातच राहतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढच्या ड्रोनला, हौसेच्या विमानाला किंवा बोटीलाही चालतो. तरीही आपण पैसे नेमके उलट्या क्रमाने लावतो.

जीपीएस असलेले, स्वतःहून हवेत स्थिर राहणारे कॅमेरा ड्रोन या पत्राच्या कक्षेत येत नाहीत, कारण त्यांना कंपनीचाच रिमोट लागतो आणि निवडीला वाव नसतो. फोनवर चालणाऱ्या ड्रोनबद्दल मात्र दोन शब्द लिहिणे भाग आहे. रायझ कंपनीचा ८० ग्रॅमचा टेलो वाय-फायवरून फोनने चालतो आणि मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लावण्यासाठी तो चांगला आहे. परंतु काचेवर काढलेल्या दोन गोलांवर अंगठे फिरवून उड्डाणाचा हात बसत नाही. अंगठा गोलाबाहेर सरकला हे बोटाला कळत नाही, म्हणून मूल सारखे फोनकडे पाहते, आणि तेवढ्यात ड्रोन शेजारच्या गच्चीवर जातो. खेळण्यासोबत येणारे रिमोट याहून थोडे बरे असतात, इतकेच. ड्रोन निकामी झाला की तेही कचऱ्यात जातात, कारण ते दुसऱ्या कशाशी जोडता येत नाहीत.

रिमोट हातात घेतल्यावर सर्वप्रथम त्याच्या दोन स्टिक पाहाव्यात. आपल्याकडे बहुतेक जण ‘मोड २’ वापरतात. यात डावी स्टिक वर-खाली केली की थ्रॉटल, म्हणजे मोटारींचा जोर, बदलतो आणि ती आडवी हलवली की ड्रोन जागच्या जागी वळतो. उजव्या स्टिकने तो पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे कलतो. ‘मोड १’मध्ये थ्रॉटल उजव्या हाताकडे जातो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्यच आहेत. पण ज्याच्याकडून शिकायचे त्याचाच मोड घ्यावा, कारण एकदा बोटांत बसलेली सवय मोडताना फार त्रास होतो.

याहून महत्त्वाची बाब थ्रॉटलच्या स्प्रिंगची आहे. खेळण्यातल्या ड्रोनला हवेच्या दाबावरून उंची कळते, त्यामुळे त्याची थ्रॉटल स्टिक सोडली की मध्यावर परत येते आणि ड्रोन त्याच उंचीवर तरंगत राहतो. खऱ्या अर्थाने हाताने उडवायच्या ड्रोनला हे चालत नाही. तिथे थ्रॉटल जिथे सोडला तिथेच राहिला पाहिजे, आणि उंची सांभाळण्याचे काम अंगठ्याच्या बारीक हालचालींनी सतत करावे लागते. चांगल्या रिमोटमध्ये बारीक स्क्रू असतात. एकाने स्प्रिंगचा ताण कमी-जास्त होतो, तर दुसऱ्याने थ्रॉटलवर दाबून बसणाऱ्या पत्र्याच्या पट्टीची पकड घट्ट किंवा सैल करता येते. ज्या मुलाचा ड्रोन सारखा छताला आपटत होता, त्याच्या रिमोटची ही पट्टी मी अर्धा वेढा आवळली, तेव्हा थ्रॉटल आपोआप घसरणे थांबले आणि त्याच दिवशी त्याचा ड्रोन खोलीत स्थिर राहू लागला. हा स्क्रू कोणता, हे दुकानात विचारावे. उत्तर आले नाही तर दुकान बदललेले बरे.

स्टिकच्या आत काय आहे, हाही पाहण्याचा मुद्दा आहे. स्वस्त रिमोटमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्ट्यावर घासत जाणारा संपर्क. धूळ बसली वा पट्टा झिजला की स्टिक मध्यावर असूनही ड्रोन एका बाजूला सरकू लागतो. हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये चुंबकाच्या क्षेत्रावरून जागा कळते, तिथे काहीच घासत नाही, म्हणून ती अधिक टिकते. पूर्वी फ्लायस्काय कंपनीचा आय६ हा शिकाऊंचा ठरलेला रिमोट असे आणि त्यावर पुष्कळांचे हात तयार झाले, पण त्यात जुन्या प्रकारच्या स्टिक आहेत. रेडिओमास्टर कंपनीच्या पॉकेट या लहान रिमोटमध्ये हॉल सेन्सर आहेत आणि तो भारतात दहा हजार रुपयांच्या आत मिळतो, त्यामुळे जुन्याकडे जाण्याचे आता विशेष कारण उरलेले नाही. मोठ्या माणसाच्या हाताला तो छोटा वाटू शकतो. अंगठा आणि तर्जनी अशा चिमटीने स्टिक धरणाऱ्यांना त्याच कंपनीचा बॉक्सर किंवा टीएक्स१६एससारखा रुंद रिमोट सोयीचा पडतो. हा प्रश्न केवळ सवयीचा आणि हाताच्या आकाराचा असल्यामुळे रिमोट प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिल्याशिवाय मागवू नये.

पुढचा मुद्दा प्रोटोकॉलचा, म्हणजे रिमोट आणि ड्रोन ज्या सांकेतिक भाषेत एकमेकांशी बोलतात तिचा. रिमोट आणि ड्रोनमधला रिसीव्हर यांचा प्रोटोकॉल एकच असावा लागतो, अन्यथा दोन्ही उत्तम असूनही त्यांची जोडी जमत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन नुसते ‘ड्रोनचा रिमोट द्या’ असे म्हणणाऱ्याची हमखास फसगत होते, कारण एकच मॉडेल वेगवेगळ्या रेडिओ चिपसह विकले जाते आणि बाहेरून फरक ओळखू येत नाही. फ्लायस्कायचा प्रोटोकॉल वेगळा, फ्रस्कायचा वेगळा. मुक्त स्रोत तत्त्वावर विकसित झालेला एक्स्प्रेस एलआरएस हा प्रोटोकॉल मला आज नवशिक्यांसाठी सर्वांत योग्य वाटतो. तो कोणा एका कंपनीचा नाही, रिसीव्हर अनेक उत्पादक बनवतात, लहान ड्रोनच्या सर्किटवरच तो बसवलेला मिळतो, आणि स्टिकची हालचाल सेकंदाला ५० पासून १००० वेळांपर्यंत ड्रोनकडे पाठवली जाते. रिमोट व रिसीव्हर या दोन्हींत एकच सांकेतिक वाक्य भरले की ते एकमेकांना ओळखतात. मात्र त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा रिसीव्हर तिसऱ्या आवृत्तीच्या रिमोटशी जुळत नाही, आणि ‘रिमोट बिघडला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारींचे मूळ केवळ एवढेच निघाले आहे. संगणकाला जोडून दोन्हींवर एकच आवृत्ती चढवली की काम होते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र वृत्तपत्राकडे पाठवावेसे वाटले, तो सांगतो. रिमोट हा रेडिओ प्रक्षेपक आहे, आणि कोणत्या लहरींवर प्रक्षेपण करावे हे देशाचा कायदा ठरवतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे. त्याखेरीज ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टाही अशा उपकरणांसाठी मोकळा ठेवलेला आहे. बाजारात मात्र ‘लांब पल्ल्याचा’ म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचे रिमोट आणि रिमोटला जोडायचे प्रक्षेपक मॉड्यूल विकले जातात. ते अमेरिकेसाठी बनवलेले असतात, कारण तिथे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ या लहरींवरून मोबाइल फोन टॉवरकडे संदेश पाठवतात. म्हणजे असा रिमोट सुरू करणारा मुलगा नकळत मोबाइलच्या जागेत घुसखोरी करतो आणि कायद्याचाही भंग करतो. आमच्या भागातील एका दुकानात मी याबद्दल विचारले तेव्हा, ‘काका, सगळे घेतात, रेंज मोठी आहे,’ असे उत्तर मिळाले. शाळेच्या मैदानावर उडणाऱ्या तीस ग्रॅमच्या ड्रोनला कित्येक किलोमीटरची रेंज कशासाठी हवी, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. २.४ गिगाहर्ट्झवर १०० मिलिवॉट शक्तीचा रिमोट मैदानाला पुरून उरतो. (अँटेना बसवल्याशिवाय रिमोट कधी सुरू करू नये, प्रक्षेपक जळू शकतो, आणि अँटेनाचे टोक ड्रोनकडे रोखू नये, कारण टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत क्षीण असतात.)

परवानामुक्त पट्ट्यातील उपकरणालाही दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन शाखेची प्रकार-मान्यता असावी लागते. तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी बंदी घातली, सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे हौशी मंडळी रिमोट, मोटारी आणि सर्किट स्वतंत्रपणे घेऊन ड्रोन जुळवतात. अशा खरेदीत मान्यतेचा कागद मागणारा ग्राहक अपवादानेच आढळतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनसाठी ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, ही सवलत सर्वांना तोंडपाठ असते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीविना उडवता येत नाही, किंवा मुंबईत पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

रिमोट आणला की पहिल्या उड्डाणापूर्वी एक चाचणी सक्तीची मानावी. संपर्क तुटला तर ड्रोनने काय करावे, हे आधी ठरवून ठेवलेले असते. त्याला फेलसेफ म्हणतात. काही जुने रिसीव्हर संपर्क तुटल्यावर शेवटची आज्ञाच धरून बसतात, आणि मग मोटारी पूर्ण जोरात असलेला ड्रोन कोणाचेच न ऐकता निघून जातो. म्हणून चारही पाती काढून ठेवावीत, ड्रोन ‘आर्म’ करावा, म्हणजे मोटारी फिरण्याच्या तयारीत आणाव्यात, थ्रॉटल किंचित वर घ्यावा आणि रिमोट बंद करावा. एक-दोन सेकंदांत मोटारी थांबल्या तर ठीक. फिरतच राहिल्या तर तो ड्रोन त्या दिवशी उडवायचा नाही. पाती न काढता ही चाचणी करणाऱ्याची बोटे धोक्यात असतात, हे वेगळे सांगायला नको. ‘आर्म’ करण्याचे बटणही असे निवडावे की ड्रोन पडताक्षणी स्टिकवरचे अंगठे न उचलता तर्जनीने ते बंद करता येईल, कारण गवतात अडकून फिरत राहिलेली मोटार जळते.

सिम्युलेटरविषयी, म्हणजे संगणकावर ड्रोन उडवण्याचा सराव देणाऱ्या प्रोग्रामविषयी, थोडेच लिहितो. यूएसबी तारेने संगणकाला जोडल्यावर गेमच्या जॉयस्टिकसारखा चालणारा रिमोट असेल, तर ड्रोन न घेताही शिकणे सुरू होते. ही सोय नसलेला रिमोट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. रोज अर्धा तास, महिनाभर संगणकावर आपटून झाल्यावरच ६५ मिलिमीटरचा, पात्यांना कडे असलेला छोटा ड्रोन घरात आणावा. मुलाचा उत्साह त्याआधीच ओसरला, तर पालकांचे ड्रोनचे पैसे वाचले असे समजावे, आणि रिमोट दुसऱ्या मुलाला विकावा. चांगल्या रिमोटला गिऱ्हाईक मिळते. बॅटरीबाबत एवढेच, की पॉकेटसारख्या रिमोटमध्ये १८६५० प्रकारचे लिथियमचे दोन सेल लागतात, ते सोबत येत नाहीत, आणि रस्त्यावर मिळणारे अवास्तव क्षमता छापलेले सेल घेऊ नयेत.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोघांना विनंती करावीशी वाटते. विक्रेत्यांनी रिमोटच्या बिलावर लहरींचा पट्टा, प्रोटोकॉल आणि मोड या तीन गोष्टी लिहून द्याव्यात आणि ९१५ मेगाहर्ट्झचा माल हौशी ग्राहकाच्या गळ्यात मारू नये. शाळा-महाविद्यालयांतून एक दिवसाच्या ड्रोन कार्यशाळा भरवणाऱ्यांनी प्रत्येक मुलाच्या हातात दोन मिनिटे ड्रोन देऊन प्रमाणपत्र वाटण्याऐवजी, तेवढ्याच पैशांत चार रिमोट आणि संगणक कक्षातील सिम्युलेटर शाळेकडे ठेवून जावे. विज्ञान शिक्षकाला त्यासाठी विशेष प्रशिक्षणाची गरज नाही. मधल्या सुटीत कक्षाची किल्ली देण्याची मुख्याध्यापकांची तयारी तेवढी हवी.

आपला,
एक निवृत्त निदेशक,
सांगली