चळवळ फक्त लेखकानेच करायची का?

संपादक साहेब, नमस्कार.

मराठी लेखक हल्ली फेसबुकवरच दिसतो, पुस्तकात दिसत नाही, अशी तक्रार तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचली. दिसणार कसा हो? 250 रुपयांचा कथासंग्रह, 500 प्रतींची आवृत्ती, रॉयल्टी 10 टक्के धरली तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाला मिळणार 12,500, तेही दोन-तीन वर्षांत आणि मागे लागून लागून. आणि ही बरी केस झाली, नव्या पोरांना तर आधी पैसे भरा मग पुस्तक काढू, वर शंभर प्रती तुम्हीच उचला असं सरळ सांगतात.

दिवाळी अंकांचं घ्या. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आपण तिचं कौतुक सांगताना थकत नाही. मी बँकेत नोकरी करतो, अधूनमधून कथा लिहितो. जुलै लागला की फोन सुरू, सर एक छानशी कथा द्या ना, अडीच हजार शब्द, पंधरा ऑगस्टच्या आत, आणि हो, युनिकोडमध्येच टाईप करून पाठवा. मानधनाचं विचारलं की समोरचा जरा गप्प होतो, मग म्हणतो सर आमचं म्हणजे चळवळीसारखं आहे, अंक पाठवतो ना तुम्हाला. तो अंक कधी येतो, कधी मी पुण्याला गेलो की विकत घेतो. उघडून बघावं तर सोनार, बिल्डर, पतसंस्था, पानपानभर जाहिराती. डीटीपीवाल्याचे, छापखान्याचे, कागदवाल्याचे पैसे चुकते झालेले असतात, राहतो तो फक्त लेखक. (सगळेच असे नाहीत, काहीजण न मागता खात्यात पैसे टाकतात, त्यांना मनापासून सलाम.)

आता तर नुसतं लिहून भागतच नाही, प्रकाशक आधी विचारतात फॉलोअर्स किती. मग लेखकानेच रील करायचं, लाईव्ह यायचं, स्वतःच्या पुस्तकाचं स्वतःच मार्केटिंग करायचं, आणि एवढं करून एखादी पोस्ट गाजलीच तर ती नाव उडवून व्हॉट्सअॅपवर फिरते आणि आपल्याच मावशी आपल्यालाच पाठवतात, वाच रे, किती छान लिहिलंय.

करारावर सही करताना कोणी वाचत नाही ते वेगळंच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे की हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरायची. किती लेखकांना माहितीये हे? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली तेव्हा आपण पेढे वाटले, पण त्या भाषेत लिहिणाऱ्याचं घर कशावर चालतं हे कोणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

एक सुचवतो. यंदा दिवाळी अंकांची परीक्षणं छापाल तेव्हा पानं आणि किंमत देता तिथेच 'लेखकांना मानधन : दिलं / नाही' एवढी एक ओळ टाका. आणि सुरुवात तुमच्या पुरवणीपासून केलीत तर फारच बरं.

आपला,
एक वाचक, मिरज