वाट गावाला वळसा घालू नये

संपादक महोदय,

दुर्गम, गरीब गावांत पर्यटन यावं म्हणून डोंगरवाटांवर खुणा रंगवण्याबद्दल आपल्या अंकात वाचलं. निवृत्तीनंतर सहा वर्षं रंगाचा डबा घेऊन मी हेच करत हिंडलो, म्हणून हे पत्र.

पहिल्या वाटेवर आमच्यासोबत गावातले एक गुराखी काका होते. एका फाट्यावर मी ब्रश काढला, तर म्हणाले, "इथं कशाला? खालची वाट ओढ्यात जाते, कुणालाही ठाऊक आहे." नाही रंगवली. महिन्याभरात तिघे जण अंधार पडताना त्याच ओढ्यात अडकले आणि त्यांना शोधायला काकाच कंदील घेऊन गेले! तेव्हापासून रंगवून झालेली वाट आम्ही अनोळखी माणसाला एकट्याने चालायला लावतो, तीही दोन्ही बाजूंनी. चढताना समोर दिसणारी खूण उतरताना दगडाच्या पाठीमागे जाते. अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलवर वळणाआधी एकावर एक दोन पांढरे पट्टे असतात. ती युक्ती सरळ उचलली.

आमची मोठी चूक मात्र वेगळीच. देखावा छान म्हणून वाट गावाच्या वरून, धारेधारेने नेली. माणसं आली, फोटो काढून गेली. गावाच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या. पुढच्या वर्षी वाट खाली घरांमधून वळवली आणि टप्पा असा बेतला की दिवस कलताना माणूस गावातच पोहोचेल. मग मुक्काम सुरू झाले. नेपाळमध्ये अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. तिथे ट्रेकरांचं प्रवेशशुल्क त्याच भागातल्या संवर्धनावर आणि विकासकामांवर खर्च होतं. तरीही कमाईचा मोठा वाटा मुख्य वाटेवरच्या लॉजवाल्यांकडेच जातो. आडबाजूच्या वस्त्या आडबाजूलाच.

तेव्हा नकाशावर रेघ मारण्याआधी गावात जाऊन बसा. वाट कुणाच्या बांधावरून जाणार, कुठल्या पाणवठ्याशी थांबणार, हे तिथेच ठरू द्या. आणि रंग काही कायमचा नसतो. पावसाने उडतो, गवत वाढलं की दगडच दिसत नाही. उद्घाटनाच्या फलकाला पैसे मिळतात, पुन्हा रंगवायला मिळत नाहीत (निदान आम्हाला कधी मिळाले नाहीत). योजनेत दरवर्षीच्या डागडुजीची मजुरी गावातल्याच माणसांसाठी धरावी. त्यासाठी फलक लहान करावा लागला तरी चालेल.

– एक निवृत्त सर्वेक्षक