डेगूंचा नवा पिंजरा आणि जुन्या घराचा वास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील मराठी घरांमध्ये पाळल्या जाणाऱ्या लहान प्राण्यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात डेगू या चिली देशातल्या, उंदरासारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्याची दखल घेतलेली पाहून आनंद वाटला. मी बऱ्याच वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहते आणि आमच्या घरी डेगू आहेत. ते कुरतडून पळून जातात, म्हणून भक्कम पिंजरा घ्यावा, हा लेखातील सल्ला रास्त आहे. मात्र भक्कम पिंजरा आणला, प्राणी त्यात सोडले आणि जुना पिंजरा देऊन टाकला की काम झाले, असा समज त्या दोन ओळींवरून होऊ शकतो आणि तो डेगूंच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पिंजऱ्याच्या कड्या-कोयंड्यांची चिंता माणसाने करायची असते. डेगूला आपण सुरक्षित आहोत हे कळते ते वासावरून, आणि नव्या पिंजऱ्याला तो वास लागेपर्यंत माणसाने धीर धरला पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

ही गोष्ट समजण्यासाठी हा प्राणी मूळचा कसा राहतो ते पाहावे लागते. मध्य चिलीतील कोरड्या, झुडपांनी भरलेल्या टेकड्यांवर डेगू आढळतात. चिलीतच जन्मलेले धर्मगुरू आणि निसर्गअभ्यासक मोलिना यांनी 1782 साली त्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. उंदीर-घुशी निशाचर असतात, डेगू तसे नाहीत. दिवसाउजेडी बाहेर पडतात, आणि त्यामुळेच कोल्हे व शिकारी पक्षी सतत त्यांच्या मागावर असतात. ते एकत्र बिळे खणतात आणि एकत्र झोपतात. एका बिळातल्या माद्या एकमेकींच्या पिलांनाही दूध पाजतात, हे चिलीतील प्राणिशास्त्रज्ञ लुईस एबेन्सपर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासामुळे जगाला नीट माहीत झाले आहे. अशा प्राण्याला वाटेल त्या क्षणी धाव घेता येईल असे ओळखीचे बीळ आणि आपल्या माणसांचा, म्हणजे आपल्या डेगूंचा, वास या दोन गोष्टींचाच आधार असतो. ते लघवीच्या थेंबांनी वाटा आखतात आणि मातीत लोळून आपला वास तिथे ठेवतात. डेगूंच्या डोळ्यांना अतिनील किरण दिसतात आणि ताज्या लघवीवरून ते किरण अधिक परावर्तित होतात, असेही संशोधकांना आढळले आहे. तेव्हा आपल्याला जो पिंजरा नुसता स्वच्छ आणि चकचकीत दिसतो, तो त्यांच्या दृष्टीने एकही ओळखीची खूण नसलेला मुलूख असतो.

आता पिंजऱ्याविषयी. डेगूचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणे ही त्याची खोड नव्हे, गरज आहे. प्लॅस्टिकचा तळ असलेले पिंजरे दुकानात सर्रास डेगूंसाठी म्हणून विकले जातात, आणि ते या कामाला अजिबात योग्य नाहीत. तळाच्या कोपऱ्यातील उंचवटा दातांत धरता आला की डेगू तिथेच रोज थोडे थोडे कुरतडत राहतो आणि एके दिवशी तिथे मुठीएवढे भोक दिसते. शिवाय गिळलेले प्लॅस्टिक पोटात जाते ते वेगळेच. तळ आणि माळे धातूचे असावेत. वर-खाली सरकणारे दार तर डेगू दातांनी उचलतो. आधी खालच्या आडव्या गजाखाली नाक घालतो, मग वरचे दात अडकवून मान वर झटकतो, आणि दार बोटभर वर गेले की डोके फटीत सारून अंग बाहेर ओढून घेतो. हे सारे इतक्या चटकन होते की बघणाऱ्याला हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. अशा प्रत्येक दाराला गिर्यारोहक वापरतात तसली स्प्रिंगची कडी किंवा घट्ट पिळलेली तार हवीच. गजांमधल्या फटीबद्दल बोलायचे तर मोठा डेगू दोन सेंटिमीटरच्या फटीतून सहसा जात नाही, परंतु नर आणि मादी एकत्र असतील किंवा दुकानदाराने लिंग ओळखण्यात चूक केली असेल, तर सुमारे 90 दिवसांच्या गर्भकाळानंतर जी पिले होतात ती डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच जन्मतात, लगेच हिंडू-फिरू लागतात, आणि अशा फटीतून सहज बाहेर पडतात. म्हणून बारा मिलिमीटरपेक्षा मोठी फट नसलेली जाळी घेणे केव्हाही बरे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी मात्र, डेगू ती सतत चावत असतील तर, टाळावी, कारण जस्त पोटात जाणे घातक असते.

उंच पिंजरा पाहून माणसे भुलतात. डेगू चढतात हे खरे, पण उंचावरून पडल्यावर त्यांचे पाय मोडतात. त्यामुळे माळे एकमेकांच्या जवळ, एकाआड एक बसवावेत. माळ्यावर नुसती जाळी असेल तर तळपायांना जखमा होऊन त्या चिघळतात, म्हणून वर लाकडाची फळी किंवा जाड कापड अंथरावे. पळण्याचे चाक आडव्या काड्यांचे नसावे, अखंड पत्र्याचे असावे, आणि त्याचा व्यास साधारण 30 सेंटिमीटर असावा, नाहीतर धावताना पाठ वाकडी होते.

असा पिंजरा तयार झाल्यावर खरे काम सुरू होते, आणि पुष्कळ जण नेमकी इथेच घाई करतात. नवा पिंजरा जंतुनाशकाने घासून, नवा भुसा, नवी घरटी, नव्या खेळण्यांनी सजवून, त्यात डेगू एकदम सोडले जातात. घरातल्या मुलांना ते फार आवडते. डेगूंना ते संकट वाटते. त्याऐवजी नवा पिंजरा जुन्याच्या शेजारी, शक्य असेल तर त्याच खोलीत ठेवावा. साध्या गरम पाण्याने धुऊन तो कोरडा करावा. मग जुन्या पिंजऱ्यातील झोपायची लाकडी पेटी तिच्यातल्या गवतासकट, न झटकता, न धुता, उचलून नव्यात ठेवावी. जुन्या अंथरुणातले दोन-चार मुठी भुसा आणि गवत नव्याच्या तळावर पसरावे. डेगूंना लोळण्यासाठी ठेवलेले वाळूचे भांडेही न बदलता तेच नव्यात ठेवावे. ज्या वाळूत सगळ्यांनी लोळून घेतले आहे त्याच वाळूला सगळ्या कळपाचा वास असतो आणि नव्या जागेत ती सर्वांत आधी लागते. सुरुवातीला वरचे माळे बंद ठेवून फक्त खालचा भाग मोकळा करावा, आणि डेगू तिथे निर्धास्त खाऊ-झोपू लागले की मग एकेक माळा उघडावा. सर्वांना एकाच वेळी हलवावे. दोघे नव्यात आणि एक जुन्यात अशी वाटणी रात्रभर जरी राहिली, तरी परत एकत्र आल्यावर तिसरा परका ठरू शकतो.

हलवताना हाताने पकडू नये आणि शेपटीला तर चुकूनही हात लावू नये, हे मी अतिशय कळकळीने सांगते. डेगूची शेपटी शत्रूच्या तावडीतून सुटण्यासाठीच बनलेली आहे. ती धरली की तिची कातडी मोज्यासारखी निसटून येते, आतले हाड उघडे पडते, वाळते आणि गळून जाते, आणि शेपटी पुन्हा कधीच येत नाही. रुंद पुठ्ठ्याची नळी किंवा ओळखीची पेटी पुढे धरावी, तो आपणहून आत शिरेपर्यंत थांबावे, आणि नळीच्या दोन्ही टोकांवर हात ठेवून ती नव्या पिंजऱ्यात नेऊन ठेवावी. संध्याकाळी उशिरा, घर शांत असताना हे केले तर बरे पडते, कारण मग लगेच झोपायची वेळ होते आणि सगळे आपल्या जुन्या पेटीत एकमेकांना बिलगून झोपतात.

पुढचे काही दिवस पाहण्याचे असतात. कुणी खात नाही, लेंड्या कमी झाल्या, दाराजवळचा गज एकसारखा चावत बसला, असे काही दिसले तर दुर्लक्ष करू नये. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर भांड्यात बसवून आठवड्याला वजन घ्यावे. प्रौढ डेगू साधारण 170 ते 300 ग्रॅमचा असतो, पण आकड्यापेक्षा त्याचे स्वतःचे वजन घटते आहे का हे महत्त्वाचे. निरोगी डेगूचे पुढचे दात गडद नारिंगी असतात. ते फिकट पडू लागले तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. प्रशस्त जागा मिळाल्यावर एकमेकांत भांडणे सुरू होतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. नव्या जागेची मालकी ठरवताना मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना ढकलणे, शेपटी फडकावणे, कुरकुरणे हे सारे चालते आणि बहुधा आपोआप थांबते. पाण्याच्या बाटल्या दोन, खाण्याच्या जागा दोन, आणि प्रत्येक पेटीला दोन दारे ठेवली, म्हणजे कुणी कोपऱ्यात कोंडला जात नाही. रक्त निघाले मात्र त्याच क्षणी वेगळे करावे.

खाण्याबद्दल आपल्या वाचकांना मुद्दाम सांगते, कारण गृहप्रवेशाला तोंड गोड करण्याची आपली रीत इथे घातक ठरते. डेगूच्या शरीराला साखर पचवता येत नाही. त्याला मधुमेह चटकन होतो आणि त्यापाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू येतो. नव्या घरात रुळावेत म्हणून बेदाणे, केळे, गूळ किंवा गोड फळ हातावर देणे म्हणजे माया करता करता विष देणे आहे. वाळलेले गवत भरपूर, मोजके कोरडे खाद्य, आणि लाडाचेच द्यायचे तर थोडी कोथिंबीर किंवा सफरचंदाच्या झाडाची वाळकी काडी, एवढे त्यांना पुष्कळ आहे.

पिंजऱ्याची जागाही विचार करूनच निवडावी. डेगूला थंडीपेक्षा उकाड्याचा त्रास जास्त होतो आणि 30 अंशांच्या वर तो धोक्यात येतो, म्हणून खिडकीतले ऊन, हीटर आणि दूरदर्शन संच यांपासून पिंजरा दूर असावा. दोन बाजूंना भिंत असली की मागून कुणी झडप घालेल ही भीती उरत नाही. भारतात अजून डेगू क्वचितच दिसतात, आणि विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा पाहता तिथे त्यांना आणण्याचा मोह कुणी धरू नये असे मला स्पष्टपणे वाटते. पण हॅमस्टर आणि गिनीपिग आता पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत आहेत, आणि ओळखीच्या वासासकट जागा बदलण्याची पद्धत त्यांनाही तितकीच लागू पडते. आपल्याकडील 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी आणि उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा मानला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याने तर योग्य निवारा, योग्य आहार आणि स्वभावानुसार वागण्याची मुभा देणे ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. हे कायदे दुकानातल्या पिंजऱ्याच्या वेष्टनावर छापलेले नसतात, म्हणून वृत्तपत्रांनी ते सांगावेत अशी माझी विनंती आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नव्या पिंजऱ्यात सगळे रुळले तरी जुना पिंजरा लगेच विकू नये किंवा फेकू नये. त्याचे प्लॅस्टिक कुरतडलेले असले तरी, कुणी आजारी पडल्यास किंवा भांडणानंतर थोडा वेळ वेगळे ठेवावे लागल्यास, देखरेखीखाली तो उपयोगी पडतो, आणि रात्री-बेरात्री दुसरा पिंजरा कुठे शोधायचा हा प्रश्न उरत नाही.

आपली नम्र,
एक वाचक
लेस्टर, इंग्लंड